मेटारायझियम अनिसोप्ली

मेटारायझियम अनिसोप्ली : (हिरवी मस्करडीन बुरशी). ॲस्कोमायकोटा संघाच्या क्लॅव्हिसिपिटेसी कुलातील, कीटकांना रोग करणारी बुरशी. ती मातीत, विशेषतः मुळांच्या आसपास राहते आणि संधी मिळताच कीटकावर वाढते. तिच्या पक्व बीजाणूंचा थर शेवाळी हिरवा दिसतो, त्यावरून वरील नाव पडले. रेशीमकिड्यांना ग्रासणारी बिव्हेरिया बॅसियाना ही पांढरी मस्करडीन होय. रेशीमकिड्यांचा हा रोग बुरशीमुळे होतो हे इटलीच्या आगोस्तिनो बासी यांनी 1835 च्या सुमारास दाखवले. कृषिसेवा केंद्रांत प्रस्तुत बुरशी नुसती ‘मेटारायझियम’ म्हणून मागितली जाते.

इतिहास : गव्हावरील अनिसोप्लिया ऑस्ट्रियाका या भुंगेऱ्यावर ही बुरशी 1879 मध्ये ओडेसा येथे इल्या मेचनिकॉव्ह यांना आढळली, म्हणून जातिनाम ‘अनिसोप्ली’. हेच मेचनिकॉव्ह पुढे रोगप्रतिकारक्षमतेवरील कामासाठी 1908 च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. सोरोकिन यांनी 1883 मध्ये ही बुरशी मेटारायझियम प्रजातीत घातली. त्यानंतर लगेचच क्रासिलश्चिक यांनी युक्रेनमधील स्मेला येथे शर्कराबीटवरील सोंड्याविरुद्ध बीजाणूंचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन केले.

वर्गीकरण : बिशॉफ, रेनर व हंबर यांनी 2009 मध्ये जनुकीय पुराव्यावरून या जातिसमूहाची अनेक स्वतंत्र जातींत विभागणी केली. टोळांवर वापरली जाणारी बुरशी आता मे. ॲक्रिडम मानतात. त्यामुळे जुन्या नोंदींतील ‘अनिसोप्ली’ आजची नेमकी कोणती जात, हे पुष्कळदा सांगता येत नाही. वेष्टनांवर जुनेच नाव चालू आहे.

संसर्ग : बीजाणू खाल्ला जाण्याची गरज नसते, कातडीला चिकटला तरी पुरतो. तो रुजून फुगीर चकती तयार करतो आणि दाब व विकरे (प्रथिने व कायटिन विघटित करणारी) यांच्या साहाय्याने उपत्वचा भेदतो. आत शिरल्यावर तो यीस्टसारख्या सुट्या पेशींच्या रूपात रक्तात वाढतो व डिस्ट्रक्सिन नावाची विषे सोडतो. साधारण तीन ते दहा दिवसांत कीटक मरतो. मेलेली अळी कडक होते, हवेत ओल असल्यास प्रथम पांढऱ्या लवीने आणि मग हिरव्या भुकटीने झाकली जाते. बोट लावले की भुकटी बोटाला लागते. एचएएनपीव्ही या विषाणूने मेलेली घाटे अळी (तूर-हरभऱ्यावरील कीड) मात्र उलटी लटकून पाझरते. शेतात दोन्ही एकत्र सापडतात, तेव्हा ही खूण उपयोगी पडते.

पुण्यातील संशोधन : राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) मुकुंद देशपांडे व सहकाऱ्यांनी तूर व हरभऱ्यावरील घाटे अळीविरुद्ध या बुरशीचा दीर्घकाळ अभ्यास केला. महाराष्ट्रातील माती व कीटकांपासून वेगळे केलेले वाण तपासून त्यांची कायटिनेज आणि प्रोटिएज निर्मिती, बीजाणूंचे उत्पादन व अळीवरील मारकता यांची तुलना करण्यात आली. निवडलेल्या वाणांच्या शेतचाचण्याही झाल्या. या कामाला भारत-स्विस जैवतंत्रज्ञान सहकार्याची जोड होती. यातील सर्वांत उपयुक्त निष्कर्ष बहुधा वाण सांभाळण्याविषयीचा आहे : कृत्रिम माध्यमावर एका पिढीतून दुसरीत पुन्हा पुन्हा वाढवत नेलेली बुरशी मंदावते, अळी मरायला अधिक दिवस लागतात, तीच बुरशी पुन्हा अळीतून काढून घेतली की मारकता बऱ्याच अंशी परत येते. उत्पादन तांदळासारख्या धान्यावर घेतात : अर्धवट शिजवून निर्जंतुक केलेले दाणे पिशवीत घालून त्यांवर बुरशी वाढवतात, दाणे हिरवे झाले की वाळवून बीजाणू चाळून घेतात.

हुमणी : पश्चिम महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यात हुमणी (होलोट्रिकिया सेराटा, नदीकाठच्या भागात ल्युकोफोलिस लेपिडोफोरा) हे या बुरशीचे मुख्य लक्ष्य आहे. वळवाच्या पावसानंतर भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात. त्यांच्या अळ्या, म्हणजेच हुमणी, पावसाळ्यात उसाच्या मुळ्या खातात. मेटारायझियम कुजलेल्या शेणखतात मिसळून हेक्टरी 20 किलोपर्यंत देण्याची शिफारस आढळते. कोरड्या मातीत ते टाकण्यात अर्थ नाही.

सुरत व दक्षिण गुजरात : बारडोली, कामरेज, ओलपाड हा काकरापार कालव्यावरचा ऊसपट्टा. येथे पायरिला हा उसातील तुडतुडा जुना शत्रू असून त्यावर मेटारायझियमचा नैसर्गिक संसर्ग होतो. पण पायरिलाच्या नियंत्रणाचे श्रेय प्रामुख्याने एपिरिकेनिया या परजीवी पतंगाला दिले जाते, आणि बुरशीचा वाटा मागे पडतो. नवसारी कृषी विद्यापीठाचे ऊस संशोधन केंद्र नवसारीत, तर कापूस संशोधन केंद्र सुरतेत आहे. किनाऱ्याची दमट हवा व दीर्घ पावसाळा बुरशीला मानवतो, एप्रिल-मेचे ऊन मानवत नाही. वाळवीवर (गुजरातीत ऊधई) प्रयोगशाळेत मिळणारे यश वारुळात टिकत नाही, कारण कामकरी एकमेकींच्या अंगावरील बीजाणू चाटून काढतात आणि मेलेल्या वाळव्या गाडतात.

मर्यादा : वाढीस सुमारे 25 ते 28 अंश सेल्सिअस तापमान अनुकूल, 35 च्या वर वाढ जवळजवळ थांबते. थेट उन्हात बीजाणू काही तासांत निकामी होतात, म्हणून फवारणी संध्याकाळी करतात.

नियमन : कीटकनाशक कायदा 1968 खाली नोंदणी आवश्यक. भातावरील तपकिरी तुडतुड्यासाठी नोंदलेल्या 1.15 टक्के भुकटीत दर ग्रॅमला किमान 10 कोटी जिवंत बीजाणू असावे लागतात. रासायनिक बुरशीनाशक वापरलेला पंप न धुता त्यातच मेटारायझियम भरल्यास बीजाणू मरतात.