खांदेरीचे उथळ पाणी आणि होडीचा तळ

वर्धा जिल्ह्यातल्या बहुतेक मुलांनी पाहिलेली होडी म्हणजे नदीतला डोंगा. समुद्र, भरती, शिडाचे जहाज ही सारी पुस्तकातली मंडळी. त्यामुळे शिवाजी महाराजांच्या आरमाराचा धडा आला की आपण जलदुर्गांची नावे पाठ करून घेतो आणि पुढे जातो. त्या आरमारातल्या होड्यांचा तळ कसा होता, हे विचारायचे राहून जाते. खांदेरीचा प्रसंग मात्र या प्रश्नाशिवाय नीट उलगडत नाही.

खांदेरी हे अलिबागजवळच्या थळ गावासमोरचे लहानसे बेट. मुंबईत येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर तिथून नजर ठेवता येते, म्हणून इंग्रजांना ते मराठ्यांच्या हाती जायला नको होते. ऑगस्ट १६७९ मध्ये मायनाक भंडारी माणसे आणि तोफा घेऊन बेटावर उतरला आणि तटबंदीचे काम सुरू झाले. इंग्रजांनी नाकेबंदी केली. १९ सप्टेंबरला त्यांनी बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला, त्यात त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या सुमारे साठ होड्या इंग्रजी ताफ्यावर चालून आल्या. इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गुराब मराठ्यांनी पकडले. पण ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाच्या तोफांपुढे होड्यांना हटावे लागले आणि त्या नागोठण्याच्या खाडीत शिरल्या.

उघड्या पाण्यातली ती लढत इंग्रजांनी जिंकली, असे म्हणायला हरकत नाही. पण नाकेबंदी ते हरले. लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून धान्य आणि दारूगोळा बेटावर पोचवत राहिल्या. आपली चांगल्या डोलकाठ्यांची जहाजे या किरकोळ होड्यांच्या मागे का पडतात, याचे आश्चर्य इंग्रजांच्या पत्रव्यवहारात दिसते. जानेवारी १६८० मध्ये इंग्रज मागे फिरले.

पुढच्या शतकात रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या आरमाराचे वर्णन केले आहे. गुराबे लांबीच्या मानाने फार रुंद आणि फार कमी पाण्यात चालणारी; मोठे गुराब सुमारे ३०० टनांचे. गलबते त्याहून लहान, क्वचितच ७० टनांवर जाणारी. गलबताला चाळीस-पन्नास वल्ही असत आणि ते ताशी चार मैल वेगाने वल्हवता येई. वारा पडला की ही गलबते दोर बांधून गुराबांना ओढून नेत. वारा नसताना शिडाचे मोठे जहाज जागच्या जागी अडकते, हे ध्यानात घेतले म्हणजे चार मैलांचे मोल कळते.

रुंदीचा फायदा आर्किमिडीजच्या नियमातून सरळ निघतो. होडी आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. वजन तेच ठेवून तळ रुंद केला, तर तेवढे पाणी सारायला तिला कमी खोल बुडावे लागते. हे परातीत करून पाहता येईल. परातीत एका बाजूला वाळूचा उतार करून पाणी भरा. थर्मोकोलचा चपटा तुकडा पाण्यावर ठेवून बाजूने पुठ्ठ्याने वारा घाला. तुकडा आडवा सरकत जाईल. आता त्याच्या खाली मधोमध पत्र्याची पट्टी उभी खोचा. आडवे सरकणे कमी होईल, पण वाळूच्या उतारावर पट्टी लवकर अडकेल. पहिला तुकडा म्हणजे आपली गुराब, दुसरा म्हणजे खोल तळाचे जहाज. उथळपणा हवा असेल, तर पाण्यातली पकड थोडी सोडावी लागते.

हीच अडचण पार दूर, हवाई बेटांवर, लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्यांना आली. त्यांच्या जड लाकडी फळ्यांना खाली कणा नसे. उभ्या लाटेवर फळीचे रुंद शेपूट आडवे घसरे. १९३७ मध्ये जॉन केली आणि त्याच्या मित्रांनी फळीचे शेपूट चक्क कुऱ्हाडीने तासून अरुंद केले आणि त्याचा तळ नांगराच्या फाळासारखा निमुळता केला. शेपूट लाटेत खोल रुतू लागले आणि घसरणे थांबले. नंतर लक्ष गेले फळीच्या कडेकडे. चमच्याची पाठ नळाच्या धारेला लावून पाहा: धार गोलाईला चिकटून वळते आणि चमचा धारेकडे ओढला जातो. गोल कडेला पाणी असेच बिलगते आणि फळी लाटेला धरून राहते. धारदार कडेवरून वेगातले पाणी मात्र सुटून निघून जाते, म्हणून ओढ कमी होते. आजच्या फळीची कड बहुधा पुढे गोल आणि शेपटाकडे धारदार असते. स्वार फळी कलती करतो तेव्हा ती कडच लाटेत रुतून कण्याचे काम करते.

भरल्या गुराबेला असे कलते करून चालवता येत नाही. तिची भिस्त वल्ह्यांवर, खाड्यांवर आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यावर. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात या होड्या जात नसत. त्या किनाऱ्यावर ओढून ठेवत, आणि त्या कामीही तो उथळ तळ सोयीचाच पडे.