श्वानदंशाची नुकसानभरपाई
मावळ तालुक्यात, विशेषतः लोणावळ्याच्या ज्या बंगल्यांत धनी शनिवार-रविवारपुरता येतो आणि कुत्रे बारमाही माळ्याच्या हवाली असते, तेथे दंश झाल्यास धन्यावर वडगावच्या दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा लावता येतो. भारतीय न्याय संहितेचे कलम 291 निष्काळजीपणाबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजारांपर्यंत दंड सांगते. पण दंड एरवी सरकारजमा होतो, जखमीच्या पदरी पडत नाही. बेवारशी कुत्र्याबाबत नगरपरिषदेच्या कर्तव्यच्युतीकडे बोट दाखवावे लागते. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने 2023 मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेस किमान 10,000 रुपये ठरविले. हिशेब विचित्र खरा, आणि महाराष्ट्रावर बंधनकारकही नव्हे. पुराव्यात इस्पितळाचा केसपेपर, त्यावरील जखमेचे वर्णन आणि लशीच्या तारखा यांना मोल असते.