लाईट आली, पण कॉम्प्युटर आला नाही

हेडफोन लावलेत? फोन चार्ज आहे ना? नसला तरी हरकत नाही, पंधरा टक्क्यांवरही आजचा भाग ऐकून होईल. आजचा विषय नेमका तोच आहे. तुमच्या फोनच्या पोटात बॅटरी आहे, त्यामुळे घरातली लाईट गेली तरी त्याला पत्ता लागत नाही. वीस वर्षांपूर्वी आमच्या घरात आलेल्या कॉम्प्युटरच्या पोटात मात्र बटणाएवढा एक सेल सोडला तर काहीच नव्हतं. लाईट गेली की तो गेला. आणि कधीकधी लाईट परत यायची, तो यायचा नाही.

गोष्ट मे २००६ ची. आमचं बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. दोन वर्षांपूर्वी वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढून असेंबल्ड कॉम्प्युटर घेतला होता. कर्ज वडिलांचं, पण हप्ता फेडायची ती ताई. बायोडाटा, अर्ज, प्रबंध आणि मुख्य म्हणजे लग्नपत्रिका असं सगळं ती टाइप करून द्यायची. पानाला दहा रुपये. ऐन लग्नसराईत एका दुपारी तीन वाजता लाईट आली, ताईनं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. ना पंख्याचा आवाज, ना दिवा.

जिल्ह्याच्या गावाहून मेकॅनिक आला. त्यानं डबा उघडला, वास घेतला आणि सांगितलं, "मदरबोर्ड गेला. साडेचार हजार." ताईचे डी.एड.चे फीचे पैसे त्याच सीझनमधून निघणार होते. आई म्हणाली, "विकून टाका ते धूड." वडील काही बोलले नाहीत. ते जास्त वाईट होतं.

लाईट जायचीच का?

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हा बिघाड कळत नाही.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झालं. कोयना झालं, कोराडीसारखी औष्णिक केंद्रं झाली आणि बरीच वर्षं महाराष्ट्र विजेच्या बाबतीत बऱ्यापैकी सुखी होता. नव्वदच्या दशकात सगळी भिस्त गुहागरजवळच्या दाभोळ प्रकल्पावर होती. त्याचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. मग दरावरून वाद पेटला आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. मागणी मात्र वाढतच होती. २००३ चा वीज कायदा आला, जून २००५ मध्ये मंडळाचं विभाजन झालं आणि महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा कंपन्या झाल्या. पाट्या बदलल्या, पण पाट्या बदलून वीज तयार होत नाही. राज्यात चार-चार हजार मेगावॅटचा तुटवडा पडायला लागला.

मग आलं भारनियमन, म्हणजे आपलं लोडशेडिंग. पेपरात त्याचं वेळापत्रक छापून यायचं. पुढे तर विभागांचे गटच पडले. जिथे गळती कमी आणि वसुली चांगली तिथे कमी तास, जिथे उलट तिथे जास्त. आमच्याकडे सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास, वर कधी "तांत्रिक बिघाड" असायचा तो वेगळा. मुंबईला यातून जवळजवळ सूट होती. पुण्यात २००६ मध्ये कारखान्यांनी आपले जनरेटर चालवून शहराची कमतरता भरून काढायचा प्रयोग झाला. एकाच राज्यात, एकाच वर्षी, एकाच किमतीला घेतलेला कॉम्प्युटर मुंबईत वेगळं आयुष्य जगत होता आणि आमच्याकडे वेगळं. हा फरक कुठल्याच कॉम्प्युटरच्या डब्यावर लिहिलेला नसायचा, बरं का.

जाणारी लाईट आणि येणारी लाईट

सगळ्यांना वाटायचं, लाईट गेली म्हणून कॉम्प्युटर बिघडला. अंगावर यायची ती येणारी लाईट.

म्हणजे बघा, चार तासांनी फीडर सुरू होतो. घराघरातले पंखे, फ्रिज, मिक्सर एकदम जागे होतात. शेतातल्या पंपांना ऑटोस्विच लावलेले, ते त्याच क्षणी सुरू होतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. डीपीवर ताण येतो, व्होल्टेज बसतं. मग कुठेतरी फ्यूज उडतो, भार कमी होतो, व्होल्टेज उसळतं. परत जाते, परत येते. पहिली पाच मिनिटं हा खेळ चालायचा, आणि आमची ताई लाईट येताच धावत जाऊन बटण दाबायची. तिचं तरी काय चुकलं? पत्रिका संध्याकाळी द्यायची असायची.

काकांचा प्रश्न

शेवटी वडील डबा घेऊन आमच्या गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. काकांनी कॉम्प्युटर कधी वापरलेला नव्हता. पण त्यांनी असा प्रश्न विचारला, जो मेकॅनिकनं विचारला नव्हता.

"बंद कधी पडला? चालता चालता, की बंद करून परत लावताना?"

ताई म्हणाली, "चालताना कधीच नाही. लाईट आल्यावर."

काका म्हणाले, "मग बोर्ड राहू द्या. आधी पॉवरचा डबा बघू."

या प्रश्नामागेही इतिहास आहे. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीच्या जमान्यात कॉम्प्युटरचं बटण खरंखुरं बटण होतं. खट् केलं की विजेची वाट तोडायचं. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाची रचना आणली आणि बटण नुसती विनंती करणारं झालं. तुम्ही ते दाबता, मदरबोर्ड पॉवर सप्लायला, म्हणजे एसएमपीएसला, सांगतो की उठ. हे सांगायला मदरबोर्ड जागा हवा. म्हणून एसएमपीएसमधला एक छोटा भाग सतत पाच व्होल्ट देत राहतो, कॉम्प्युटर "बंद" असतानाही. त्याला स्टँडबाय म्हणतात.

हा भाग भिंतीचं बटण चालू असेपर्यंत राबतो. त्यातले छोटे कपॅसिटर उष्णतेनं हळूहळू सुकतात. एकदा सुरू असलं की अशक्त कपॅसिटरवरही गाडं चालतं, पण थंड पडल्यावर पुन्हा उठायची ताकद राहत नाही. मुंबईतला कॉम्प्युटर भिंतीवरून क्वचितच बंद व्हायचा, त्यामुळे हे दुखणं तिथे वर्षानुवर्षं लपून राहू शकायचं. आमच्याकडे रोज दोनदा परीक्षा व्हायची.

काकांनी एसएमपीएस उघडला. एक छोटा कपॅसिटर डोक्यावर फुगलेला होता. त्यांनी आपल्या डब्यातून तसाच दुसरा काढून डाग दिला. खर्च वीस रुपये आणि चहा. पंखा फिरला तेव्हा ताई रडली, आणि मी तिला हसलो. आज त्याची लाज वाटते, कारण तोवर आठ दिवस गेले होते आणि अकरा पत्रिकांची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली होती.

तुमच्याकडे असं झालं तर

घरात अजून डेस्कटॉप असेल तर हा क्रम लक्षात ठेवा. आधी त्या सॉकेटमध्ये दुसरं काहीतरी लावून वीज येते का ते बघा. स्पाइक बस्टर किंवा यूपीएस मध्ये असेल तर तो बाजूला काढून थेट भिंतीत लावून बघा. मग केबल पूर्ण काढा, कॉम्प्युटरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, दहा मिनिटं थांबा आणि परत लावा. व्होल्टेजच्या झटक्यानं एसएमपीएस स्वतःला कुलूप लावून घेतो. आतला साठा उतरला की ते कुलूप कधीकधी उघडतं. तरीही जीव नसेल तर दुकानातून चांगला एसएमपीएस तात्पुरता लावून बघायला सांगा. मदरबोर्डवर संशय त्यानंतर घ्या.

कॉम्प्युटर सुरू होतोय, पण तारीख भलतीच दाखवतोय? मग सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा सेल बदला. वीज असते तेव्हा घड्याळ स्टँडबायवर चालतं, लाईट गेली की सेलवर. म्हणून लोडशेडिंगच्या गावात तो सेल लवकर संपायचा.

आणि एक, अगदी हात जोडून सांगतो. एसएमपीएस स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. काकांची त्यात तीस वर्षं गेली होती.

पाच मिनिटं

त्या वर्षी ताईची फी भरली गेली, थोडी उशिरा, थोडी उसनवारीनं. काकांनी तिला एकच नियम दिला होता. लाईट गेली की भिंतीचं बटण बंद करायचं, आणि आली की घड्याळ लावून पाच मिनिटं थांबायचं. तिनं तो खडूनं भिंतीवर लिहिला होता, वेळापत्रकाच्या कात्रणाखाली.

आज ती शिक्षिका आहे. घरी लॅपटॉप आहे, लोडशेडिंगही तसं राहिलेलं नाही. पण लाईट जाऊन आली की ती अजूनही वायफायचा राउटर लगेच लावत नाही. पोरं ओरडतात, "आई, नेट!" ती म्हणते, "थांबा पाच मिनिटं." पोरांना कारण माहीत नाही. आता तुम्हाला माहीत आहे.

आज घरी आई-बाबांना विचारा, तुमच्या गावात किती तास जायची? आणि तेव्हा काय काय बंद पडलं होतं? जे सांगतील ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर फोन चार्जिंगला लावा!