गुंतवणूक-लवादाच्या वकिलीचा उदय
परदेशी गुंतवणूकदार आणि यजमान राष्ट्र यांच्यातील तंटे लवादाकडे, म्हणजे उभयपक्षी नेमलेल्या पंचमंडळाकडे, सोपवणारे जागतिक बँकेचे केंद्र १९६५च्या करारान्वये अस्तित्वात आले. तथापि त्याच्याकडे पहिले प्रकरण १९७२मध्ये दाखल झाले आणि दीर्घकाळ वकिलांना तेथे तुरळकच काम मिळाले. श्रीलंकेत सुरक्षा दलांच्या कारवाईत १९८७मध्ये उद्ध्वस्त झालेल्या कोळंबी प्रकल्पासंबंधीच्या १९९०च्या निवाड्याने ही स्थिती पालटली, कारण कंपनी व सरकार यांच्यात लवादाचा वेगळा करार नसतानाही ब्रिटन-श्रीलंका द्विपक्षीय गुंतवणूक तह, म्हणजे परस्परांच्या गुंतवणुकीस संरक्षण देणारा करार, दाव्यास पुरेसा आधार ठरला. परिणामी तहांचा अर्थ लावण्यात निष्णात वकिलांना मागणी वाढली. भारतीय न्यायालयांतील विलंबावरून व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने २०११मध्ये भारताविरुद्ध निवाडा मिळवल्यावर येथील शासनालाही या विशेष ज्ञानाची निकड भासली.