डाव्या-उजव्या ध्वनीची कथा

इ. स. १८८१ मध्यें पॅरिस शहरीं विजेच्या साधनांचें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें होतें. क्लेमां आदेर या फ्रेंच यंत्रज्ञानें तेथील ऑपेरागृहाच्या रंगमंचाच्या पुढील कडेस टेलिफोनचीं यंत्रें ओळीनें मांडलीं आणि त्यांच्या तारा दोन किलोमीटरांहून अधिक दूर प्रदर्शनांत आणून पोंचविल्या. ऐकणारानें दोन नळे दोन कानांस लावावयाचे. एकांत मंचाच्या डाव्या बाजूचा ध्वनि, दुसऱ्यांत उजव्या बाजूचा. गायक मंचावर इकडून तिकडे गेला कीं त्याचें तें चालणें ऐकणारास डोळे मिटूनहि कळे!

हें कसें घडे? मनुष्याच्या दोन कानांत अंतर जेमतेम वीतभर. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर धांवतो. सबब बाजूनें आलेला आवाज एका कानास दुसऱ्याच्या आधीं पोंचतो खरा, पण तो अवधि सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी असतो. एवढ्याशा फरकावरून आपलें मन दिशा ओळखतें. स्टिरिओ म्हणजे केवळ दोन आवाज नव्हेत. एकाच काळानें बांधलेले ते दोन आवाज होत.

हें मर्म इंग्लंडांत अ‍ॅलन ब्लमलाइन या यंत्रज्ञानें ओळखलें. बोलपटांत नट पडद्याच्या एका टोकास आणि आवाज मात्र भलतीकडून, हा विसंवाद त्याला खटकला. १९३१ च्या डिसेंबरांत त्यानें आपल्या पद्धतीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. तबकडीच्या एकाच चरीच्या दोन भिंतींवर दोन ध्वनि कोरावे, ही कल्पना त्यांत होती. सुई एकच, म्हणून एक ध्वनि पुढें आणि दुसरा मागें, असें होणेंच शक्य नाहीं. १९४२ च्या जून महिन्यांत युद्धोपयोगी रडारची विमानांत परीक्षा चालू असतां झालेल्या अपघातांत ब्लमलाइनचा अंत झाला. त्याचें वय तेव्हां अवघें ३८ वर्षांचें. स्टिरिओ तबकड्यांचा बाजारांत प्रसार झाला तो १९५८ पासून. तो पाहण्याचें भाग्य त्याला लाभलें नाहीं.

तार आणि चर यांनीं जी वेळेची एकता फुकट दिली, ती तार तोडतांच हरपली. १९९४ सालीं स्वीडनमधील एरिक्सन कंपनींत ब्लूटूथच्या कामास आरंभ झाला. डेन्मार्क आणि नॉर्वे यांवर सत्ता बसविणाऱ्या दहाव्या शतकांतील राजा हॅराल्ड ब्लूटूथ याचें नांव पुढें त्यास मिळालें. परंतु संगीत वाहून नेण्याची त्यांतील मूळ रीत एका यंत्राकडून एकाच यंत्राकडे जाण्याची. निरनिराळे घेतलेले दोन स्पीकर डावीकडे व उजवीकडे ठेविले, तर प्रत्येक जण आलेला ध्वनि आपल्याजवळ थोडा सांठवून स्वतःच्या घड्याळाप्रमाणें सोडतो. एक जरी कांहीं सहस्रांश सेकंद मागें पडला, तरी सारें गाणें आधीं बोलणाऱ्या स्पीकराकडूनच येत आहे, असा भास होतो. हेल्मुट हास यानें ही गोष्ट १९४९ च्या सुमारास प्रयोगांनीं दाखविली होती. विलंब आणखी वाढला कीं प्रतिध्वनि ऐकूं येतो.

या अडचणीवर लिनक्समध्यें उपाय निघाला. हेलसिंकीच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ मध्यें आरंभिलेली ही प्रणाली. तिचा अंतर्भाग कोणासहि उघडून पाहतां येतो व बदलतां येतो. २००१ सालीं ब्लूटूथचा आधार तिच्या गाभ्यांत आला. २००४ मध्यें लेनार्ट पोएटरिंग यानें सुरू केलेल्या पल्सऑडिओनें दोन स्पीकर जोडून एक काल्पनिक स्पीकर बनविण्याची सोय दिली. एकास डावा भाग, दुसऱ्यास उजवा भाग द्यावा. दोन घड्याळांतील तफावत हा कार्यक्रम अधूनमधून पाहून वेग किंचित् कमीजास्त करितो. आणि उरलेला विलंब मनुष्यानें हातानें भरावा. पुढें विम टेमन्स याच्या पाइपवायरनेंहि हेंच काम पत्करलें. स्पीकराच्या पोटांत किती वेळ जातो, हें संगणकास नेमकें कळत नाहीं. म्हणून दोहोंच्या बरोबर मध्यें बसून टिकटिक ऐकावी, आणि ती समोरून एकच ऐकूं येईपर्यंत एकेक सहस्रांशानें सरकवावी. अखेरचा न्यायाधीश कानच!

२०२० च्या आरंभीं ब्लूटूथच्या नव्या नियमांतच अनेक यंत्रांनीं एकाच क्षणीं बोलण्याची तरतूद झाली. पण ती केवळ नव्या यंत्रांसाठीं. जुन्या स्पीकरांस ती विद्या येत नाहीं. घरांतील दोन जुन्या, बेजोड स्पीकरांस पुन्हां एका ठेक्यावर आणणें, हें काम अजून उघड्या प्रणालीचें आणि धीर धरणाऱ्या कानाचेंच आहे. आदेरच्या श्रोत्यांस तारेनें जें आपोआप दिलें, तें बिनतारी युगांत असें कष्टानें मिळवावें लागतें. आणि म्हणूनच त्याची खरी किंमत कळते.