गेरू आणि मुरूम

सिल्लोड मागे टाकून एसटी फर्दापूरच्या तिठ्यावर थांबते. पुढच्या बसने तुम्ही वाघूरच्या नालाकृती वळणाशी येता. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरता आणि वर्षं उलटी फिरू लागतात.

28 एप्रिल 1819. पायाखाली एवढा राडारोडा, की तुम्ही जवळजवळ पुरुषभर उंचीवर उभे आहात. शेजारी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी खांबावर स्वतःचं नाव कोरतोय. (ते नाव आज मान वर करून वाचावं लागतं.)

अजून मागे या. वाकाटक हरिषेणाचा काळ, पाचवं शतक. कोणीतरी मातीत भाताचं तूस आणि गवताचे तंतू तुडवतंय. छिन्नीचे घाव भिंतीवर मुद्दाम तसेच ठेवलेत, कारण गुळगुळीत काळ्या दगडाला गिलावा धरत नाही. त्यावर चुन्याचा पातळ हात, मग रंग. म्हणजे चित्र दगडावर नाहीच, चिखलावर आहे.

आता दहा हजार वर्षं मागे. लेणं नाही, नुसता कडा. कड्याखाली एक माणूस गेरू घासतोय. त्याला इथे मीच उभा केलाय. पण या मुलखात अश्मयुगीन माणूस होता, पैठणजवळ मुंगीला गोदेच्या जुन्या गाळात अकीकाचं हत्यार सापडलंय. आपल्या माणसाने कड्यावर काढलेला बैल छान जमलाय. तुम्ही थांबा, पावसाळे मोजा. पाणी भेगांत शिरतं, दगडातली खनिजं कुजून चिकणमाती होते, ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. कांद्यासारखा एकेक पापुद्रा सुटतो. आधी शिंग जातं, मग वशिंड. आपण रस्त्यावर टाकतो तो मुरूम असाच तयार होतो.

तोच गेरू घेऊन उत्तरेला सातपुड्यात जा, अमरावती-बैतूलच्या सीमेवर. इथे वालुकाश्म आहे. गारगोटीचे कण कुजत नाहीत, रंग त्यांच्यामध्ये मुरतो, वरची कपार पाऊस अडवते. इथल्या धारूळची चित्रं 2007 मध्ये अमरावतीच्या निसर्गप्रेमींना दिसली. भीमबेटकाही वालुकाश्माचंच, विष्णु श्रीधर वाकणकरांनी ते 1957 मध्ये शोधलं. फ्रान्सच्या लास्कोत चुनखडीची बंद गुहा होती. तिथली चित्रं सतरा हजार वर्षं टिकली, आणि 1948 नंतर आलेल्या पाहुण्यांच्या श्वासाने पंधरा वर्षांत बिघडू लागली. 1963 मध्ये दार बंद करावं लागलं.

म्हणून नकाशावर चित्रं दिसतात तिथेच माणसं रंगवत होती, असं मला पटत नाही.

पहारेकरी फ्लॅश बंद करायला सांगतो. तुम्ही आजमध्ये परत आलात. गिलावा गळालेल्या जागी छिन्नीचे तिरके घाव दिसतात. बाहेर पडताना पायाखाली तांबूस मुरूम करकरतो. चिमूटभर उचलून बघा. गेरूत लोखंडाचा गंज, कुजलेल्या काळ्या दगडातही तोच. बोटाला लागलेला हा रंग कशाचा, ते तुम्हाला ओळखता येत नाही.