हजामत कुत्र्याची, हौस कोणाची?

दोन वर्षांमागच्या मे महिन्यातली गोष्ट. मडगावला मावसबहिणीकडे गेलो होतो. तिच्याकडे पांढराशुभ्र स्पिट्झ आहे, ज्याला आपण सगळे सर्रास पॉमेरेनियन म्हणतो. एरवी फाटकाची कडी वाजली की कापसाचा एक गोळा भुंकत अंगावर धावून यायचा. त्या दिवशी कोणीच आलं नाही. बलकांवाच्या कोपऱ्यात गुलाबी कातडीचं एक किडकिडीत जनावर अंग चोरून बसलं होतं. क्षणभर ओळखच पटली नाही.

"अरे दादा, किती उकडतंय बघ ना," बहीण म्हणाली. "आपल्याला पंख्याखालीसुद्धा चैन पडत नाही, त्याच्या अंगावर तर बारा महिने गोधडी. म्हटलं, मशीन मारून घेऊ."

तिने हे मायेपोटीच केलं होतं. पण त्यानंतर एक चवथ आली, दुसरीही आली, तरी त्या कुत्र्याच्या पाठीवरचे केस पहिल्यासारखे आले नाहीत. मऊ, विरळ लव आली, तीही ठिगळाठिगळांनी. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, की या जातीचे केस असे मुळापासून काढायचे नसतात.

मग मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. गंमत अशी, की बहिणीला पडलेल्या प्रश्नाचा विचार जर्व्हेस मार्कम नावाच्या एका इंग्रजाने १६२१ साली करून ठेवला होता. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता तेव्हा! मार्कमने घोडे, शेती, घरकाम, शिकार अशा कितीतरी विषयांवर लिहिलं. १६२१ सालचं त्याचं पुस्तक पाणपक्ष्यांच्या शिकारीवर आहे, आणि त्यात पाणकुत्र्याची मोठी माहिती येते. पाणकुत्रा म्हणजे दलदलीत, तळ्यात उडी मारून बदकं काढून आणणारा कुरळ्या केसांचा कुत्रा.

या कुत्र्याचे केस कापावेत की नाही? मार्कम म्हणतो, बेंबीपासून मागचा भाग कापायला हरकत नाही, पण दोनच कारणांसाठी: उन्हाळ्यातली शिकार आणि पाण्यातलं काम. या कुत्र्यांचा मागचा भाग केसांनी फार जड असतो. उन्हाळ्यात त्या ओझ्याने कुत्रा लवकर थकतो, अंग तापून त्याला खरूज होते. पाण्यात तेच केस भिजून जड होतात आणि पोहण्याचा वेग मंदावतो. मात्र पायापासून नाकापर्यंत सगळा कुत्रा भादरणं त्याला साफ नामंजूर आहे. निसर्गाने दिलेलं संरक्षण त्यामुळे जातं, अंग नाजूक होतं, आणि शेवटी ज्या पाण्यासाठी कुत्रा पाळला त्या पाण्याचाच त्याला कंटाळा येतो, असं त्याचं म्हणणं.

चारशे वर्षांपूर्वीच्या या माणसाची विचार करायची रीत मला आवडली. कुत्रा दिसेल कसा, हा प्रश्नच त्याच्या डोक्यात नाही. कुत्र्याला काम काय आहे, ऋतू कोणता आहे आणि केस कुठे अडचणीचे आहेत, एवढंच तो बघतो.

आज ज्याची हजामत जगात सर्वांत नखरेल समजली जाते, तो पूडल याच पाणकुत्र्यांच्या गोतावळ्यातला. त्याचं नाव जर्मन भाषेतून आलं, पाण्यात डुबुक डुबुक करणं अशा अर्थाच्या क्रियापदावरून. फ्रेंच लोक त्याला 'कानिश' म्हणतात, आणि त्या नावात बदक आहे. म्हणजे दोन्ही नावांत पाणी आणि शिकार, नखऱ्याचं नावही नाही. छातीवर केसांचा भरघोस गठ्ठा, मागचा भाग गुळगुळीत, पायांच्या सांध्यांवर आणि शेपटीच्या टोकाला गोंडे, हे ध्यान मुळात कामाच्या सोयीतून आलं. छाती आणि सांधे थंड पाण्यात उबदार राहावेत, मागचे पाय मोकळे असावेत, असं त्याचं परंपरेने चालत आलेलं स्पष्टीकरण आहे.

आता आपण गोंयकार या गोष्टीत कुठे येतो ते सांगतो. पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला आल्गार्व नावाचा किनारी प्रदेश आहे. तिथल्या कोळ्यांकडे एक कुत्रा असायचा, 'कांव द आग्वा'. कांव म्हणजे कुत्रा आणि आग्वा म्हणजे पाणी. आपल्या आग्वाद किल्ल्याच्या नावात आहे तेच हे आग्वा. समुद्रावरून येणारी गलबतं तिथल्या झऱ्याचं गोडं पाणी भरून घेत, म्हणून १६१२ साली बांधून झालेल्या त्या किल्ल्याला ते नाव पडलं. पोर्तुगीज राज्य आपल्याकडे साडेचारशे वर्षं होतं. पाव आणि काजू घराघरात पोचले, पण फिरंग्यांच्या देशातल्या गरीब कोळ्याचा हा सोबती आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक झाला तो २००९ साली, वर्तमानपत्रांतून. त्या वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या मुलींसाठी 'बो' नावाचा काळा कुत्रा व्हाइट हाउसमध्ये आला, तो याच जातीचा.

आल्गार्वच्या होडीवर हा कुत्रा म्हणजे एक गडीच. तो मासळी जाळ्याकडे हाकायचा, पाण्यात पडलेली दोरी-जाळी काढून आणायचा, एका होडीवरून दुसरीवर निरोप पोचवायचा. त्याची हजामतही ठरलेली. कमरेपासून मागचा भाग आणि तोंडाचा पुढचा भाग साफ, पुढे मात्र मानेवर, छातीवर दाट केस, आणि शेपटीच्या टोकाला एक गोंडा. लांबून बघितलं तर छोटा सिंहच. म्हणून या कापाला सिंहकाप म्हणतात. मागचे पाय वल्ह्यासारखे मोकळे चालावेत आणि थंड पाण्यात उडी मारताना छातीला एकदम गारठा लागू नये, हा त्यामागचा हिशेब. मार्कमने इंग्लंडच्या दलदलीत बसून जे लिहिलं, तेच आल्गार्वचे कोळी कात्रीने करत होते.

विसाव्या शतकात होड्यांना इंजिनं आली, बिनतारी यंत्रं आली, मासेमारीची पद्धत बदलली, आणि कुत्र्याचं काम संपलं. काम संपलं की जात संपायला वेळ लागत नाही. १९३०च्या दशकात वाश्कू बेन्साउद या जहाज व्यवसायातल्या धनिकाने एका कोळ्याकडचा 'लियांव' नावाचा कुत्रा मिळवला आणि त्याच्यापासून जातीची नव्याने पैदास सुरू केली. जातीचे नियम लिहिले गेले तेही याच लियांवकडे बघून. लियांव म्हणजे पोर्तुगीज भाषेत सिंह! जात वाचली. पण नंतरच्या बहुतेक पिढ्यांनी होडी पाहिली नाही. सिंहकाप मात्र प्रदर्शनाच्या रिंगणात आजही चालतो.

काम गेलं आणि नुसता आकार उरला, की त्याचं पुढे काय होतं ते पॅरिसमध्ये दिसतं. तिथे सेन नदीच्या काठावर आणि पों नफ या पुलावर कुत्रे भादरणारे बसत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या पॅरिसच्या रस्त्यावरचं हे नेहमीचं दृश्य. आपल्याकडे वडाखाली न्हावी बसायचा तसंच, फक्त गिऱ्हाईक चार पायांचं. हेच लोक बोके खच्ची करायचंही काम घेत. त्यांच्या हाताखालून जाणाऱ्या पूडलला बदक आणायचं नव्हतं. मालकिणीबरोबर फिरायला जायचं होतं. तरी छातीवर आयाळ आणि पायांत गोंडे राहिलेच, आणि काम नसल्यामुळे ते वाटेल तसे मोठे, गोल, चित्रविचित्र करायला कोणाची आडकाठी उरली नाही.

स्पेनमध्ये गोया या चित्रकाराने १७९५ साली आल्बाच्या डचेसचं चित्र काढलं. डचेसच्या अंगात पांढरा पोशाख, कमरेला लाल पट्टा, केसांत लाल फीत. पायाशी छोटासा पांढरा केसाळ कुत्रा, आणि त्याच्याही मागच्या पायाला इवलीशी लाल फीत! कुत्रा मालकिणीला शोभला पाहिजे, एवढंच काम त्याला उरलं होतं, हे त्या चित्रात लख्ख दिसतं.

पुढे इंग्लंडमध्ये १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला, अमेरिकेत १८८४ साली, आणि हौसेचे लेखी नियम झाले. अमेरिकन क्लबच्या प्रदर्शनात नेहमीच्या स्पर्धेत उतरणाऱ्या एक वर्षावरच्या पूडलला दोनच काप चालतात, 'कॉन्टिनेंटल' आणि 'इंग्लिश सॅडल'. दोन्हींत मागचा भाग कमीअधिक कापलेला आणि पुढे आयाळ. म्हणजे मार्कमच्या शिकाऱ्याने पाण्यासाठी जे केलं, ते आता कोरड्या गालिच्यावर सक्तीचं झालं.

मी हौसेच्या विरुद्ध नाही. पण प्रत्येक केसाचा स्वभाव वेगळा असतो आणि कात्री लावण्यापूर्वी तो ओळखावा लागतो. बो व्हाइट हाउसमध्ये आला त्याच वर्षी, २००९ साली, 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ८० जातींच्या हजाराहून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासून शास्त्रज्ञांनी दाखवलं, की कुत्र्यांच्या केसांत दिसणारं बहुतेक वैविध्य अवघ्या तीन जनुकांच्या फेरफारातून येतं. एक लांबी ठरवतं, दुसरं कुरळेपणा, आणि तिसरं मिशा-भुवयांचे झुपके आणि राठपणा. या कामासाठी वापरलेल्या जातींत पोर्तुगालचा हा पाणकुत्राही होता.

व्यवहारात याचा अर्थ असा. पूडल, शिह त्झू, ल्हासा अप्सो यांचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढतच राहतात. ते कापलेच पाहिजेत, नाहीतर त्यांच्या गाठी होऊन कातडी ओढली जाते. पावसाळ्यात आपल्याकडे अंगणात फिरून आलेला शिह त्झू दिवसभर ओला राहतो, आणि त्या ओल्या गाठींखाली कातडी कुजायला लागते, गोचीड लपून बसतात. अशा कुत्र्याला गोव्यात सरसकट इंचभर ठेवलेला साधा काप सर्वांत सुखाचा. जमिनीला टेकणारे रेशमी केस प्रदर्शनात शोभतात, पण रोज तासभर विंचरायला माणूस असेल तरच.

राठ केसांच्या टेरियरची तऱ्हा आणखी निराळी. त्याचे मेलेले केस हाताने उपटून काढायची रीत आहे. मशीन लावलं की नवे केस मऊ येतात आणि रंगही फिका पडतो.

आणि बहिणीच्या स्पिट्झचं काय? त्याच्या अंगावर दोन थर असतात. वरचे लांब, ताठ केस आणि खाली लोकरीसारखं अस्तर. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि अंग निववतो. त्यामुळे केस काढले की वारा लागून थंड वाटेल, हा आपला मनुष्यस्वभावाचा हिशेब त्याला लागू पडत नाही. वरचे केस ऊन अडवतात आणि कातडी भाजू देत नाहीत. उन्हाळ्यात त्याला अडचण होते ती सुटलेल्या, अडकून बसलेल्या अस्तराची, आणि त्याला औषध वस्तरा नव्हे, कंगवा. मुळापासून भादरलं तर अस्तर आधी वाढतं, वरचे केस मागे पडतात, वर्ष-दोन वर्षंही लागतात, आणि काही कुत्र्यांत ते नीट येतच नाहीत. तळव्यांमधले आणि शेपटीखालचे केस बेताने कापले, एवढं या जातीला पुरे.

आपल्या बाजूच्या कुत्र्यांना हा प्रश्नच पडला नव्हता. बेळगावच्या पलीकडे बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे, घोरपड्यांचं जुनं संस्थान. तिथल्या शिकारी कुत्र्याचं चित्र २००५ साली टपाल तिकिटावरही आलं. लांब पाय, आत गेलेलं पोट आणि अंगाला चिकटलेले आखूड केस. त्याला न्हावी लागत नाही. आपल्या वाड्यावरच्या गावठी सुण्यालाही लागत नाही. इथल्या उन्हापावसाने त्यांची हजामत कधीच करून ठेवली आहे.

परवा मडगावला गेलो तेव्हा बहीण बलकांवात सोप्यावर बसली होती. मांडीवर कुत्रा, हातात रुंद दातांचा कंगवा, आणि बाजूला पांढऱ्या लोकरीचा ढीग. कुत्रा डोळे मिटून पडला होता.

"आता रोज संध्याकाळी पाव तास," ती म्हणाली. "पाठीवरचे अजून कमीच आहेत रे दादा. पण बघ, हात लावू देतो आता."

मशीन मारल्यावर कितीतरी दिवस तो कोणाला अंगाला हात लावू देत नव्हता, हे तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.